मिसळलेली पुडी

बाजारात त्यांना सगळे वहिनीच म्हणत. नवरा होता तेव्हा तो साऱ्या बाजाराचा दादा, म्हणून ह्या वहिनी. दादा एका दुपारी जिन्यातच छाती धरून बसले आणि गेले. त्यानंतर दादा म्हणायला कुणी उरलं नाही, पण वहिनी हे नाव राहिलं. त्यांच्याहून वयाने कितीतरी मोठे दलालही दाराशी येऊन "वहिनी, माल बघायचा होता" असंच म्हणायचे.

ऑफिस म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आत यायला दोन दारं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नसे, आणि ते दुसरं उघडायचं बटण आतल्या टेबलाखाली. खिडकी उत्तरेची आणि तिच्याखाली लांब पांढरं टेबल, कारण हिरा उत्तरेच्या उजेडातच खरा दिसतो असं सगळे मानत. कोपऱ्यात भिंतीत बसवलेली तिजोरी, तिच्यात घड्या घातलेल्या जाड कागदाच्या पुड्या, आणि पुड्यांमध्ये मोहरीएवढे, काही तर खसखशीएवढे हिरे. दादांचा धंदा ह्याच बारीक मालाचा. मोठ्या खड्यांच्या नादाला ते कधी लागले नाहीत.

दादा गेल्यावर वहिनी ऑफिसात आल्या त्या सगळं आवरून कुलूप लावायच्या विचाराने. तेव्हा दादांचे एक दलाल मित्र समोरच्या खुर्चीत येऊन बसले. बाजारात ह्यांचं नाव पडलं होतं सावकाश. रस्ता ओलांडायलाही ह्यांना दोन सिग्नल लागतात, अशी थट्टा व्हायची. भाव सांगायचा तरी आधी चष्मा पुसणार, मग रुमालाची घडी करून खिशात ठेवणार, मग तोंड उघडणार. तोवर समोरचाच कंटाळून भाव वाढवून मोकळा झालेला असायचा.

"कुलूप काय, कधीही लावता येतं," ते म्हणाले. "आधी माल ओळखायला शिका. मग विकायचा का ठेवायचा ते ठरवा."

"मला काय जमणार भाऊजी? मला सुई ओवायची तरी चष्मा लागतो."

"मग चष्मा लावा."

अशी सुरुवात झाली. सावकाश रोज सकाळी बाजारात जायच्या आधी तासभर येऊन बसत. चिमट्यात हिरा कसा धरायचा, भिंग डोळ्याच्या किती जवळ न्यायचं, हिरा धरलेला असताना श्वास का सोडायचा नाही, हे सगळं त्यांनी त्यांच्या गतीने शिकवलं. पहिल्या आठवड्यात वहिनींनी इतका माल उडवला की दोघंही अर्धा वेळ टेबलाखालीच असायचे. दादांची थोरली बहीण, म्हणजे वहिनींच्या वन्सं, नुकत्याच शाळेतून चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्या एकदा डबा द्यायला म्हणून आल्या, दोघांना टेबलाखाली बघून म्हणाल्या, "हे असं असेल तर मीच येते उद्यापासून." आणि खरंच आल्या. चाळण्यांमधून हिरे आकाराप्रमाणे वेगळे करायचं काम त्यांनी घेतलं. त्यांचा हात मुळातच हलका होता.

त्या बाजारात पुडी शब्दावर जायची. सावकाश आतल्या खिशात पुडी घालून निघायचे, दोनचार ऑफिसांत दाखवायचे, आणि कुणी "घेतला" म्हणालं की व्यवहार झाला. पावती नाही, सही नाही. वहिनींना पहिले काही महिने ह्या गोष्टीचा धसका होता. पुढे तो कधी गेला ते त्यांनाही कळलं नाही. रस्त्यावरच्या इमारतीखाली एक लांब बाक होतं, तिथे सगळे दलाल बसत, आणि त्या बाकावर सावकाशांच्या शब्दाला जी किंमत होती ती मोठमोठ्या ऑफिसवाल्यांनाही नव्हती.

मग लॅबमधले हिरे आले. सुरुवातीला बाजार हसला. भट्टीतला माल म्हणून बाकावर त्याची टिंगल व्हायची. खाणीतला हिरा आणि भट्टीतला हिरा वस्तू म्हणून एकच आहेत, भिंगालाही फरक कळत नाही, हे हळूहळू लक्षात आलं तेव्हा हसणं कमी झालं. लग्न ठरलेली जोडपी दुकानात यायची, तेवढ्याच पैशात तिप्पट मोठा खडा मिळतो म्हटल्यावर तोच उचलायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण खाणीतल्या मालाचे भाव घसरायला लागले, आणि एकदा घसरायला लागल्यावर जो तो आणखी घसरतील म्हणून हात आखडता घेऊ लागला. बारीक मालात तर आणखी एक भीती शिरली. एवढ्याएवढ्या शेकडो खड्यांमध्ये कुणी लॅबचे मिसळले तर ओळखणार कोण? मोठ्या कंपन्यांनी मशिनं आणली. उरलेले एकमेकांकडे जरा निरखून बघायला लागले.

"तुम्ही त्या मालाला हात लावू नका," सावकाश वहिनींना म्हणाले होते. "आणि अगदीच लावायची वेळ आली तर त्याचं टेबल वेगळं, चाळणी वेगळी. दिसायला जुळे भाऊ आहेत. हाक मारलीत तर दोघंही वळून बघतील."

वहिनींनी मान डोलावली होती. पण त्या वर्षी विक्री अशी बसली की आठवडेच्या आठवडे दाराची बेल वाजायची नाही. त्यातच त्यांचा नेहमीचा सोनार आला. त्याच्या गिऱ्हाइकाला ब्रेसलेट हवं होतं, बारीक खड्यांचं, पण स्वस्तातलं.

"लॅबचे चालतील. तुम्हीच मिळवून द्या वहिनी," सोनार म्हणाला. "दुसऱ्याकडे जायचं जिवावर येतं."

वहिनींनी मिळवून दिले. एकदाच, थोडेसे. सावकाशांना सांगितलं नाही, कारण ते काय म्हणतील हे ठाऊक होतं. वन्संनाही सांगितलं नाही, कारण वन्सं बोलून टाकतील. आले त्या दिवशीच ते खडे सोनाराच्या हाती गेले, आणि वहिनींनी तो विषय मनातून काढून टाकला.

पुढे काही दिवसांनी सावकाशांनी त्यांच्याकडची एक बारीक मालाची पुडी नेली. दोन दिवस तीन ऑफिसांत फिरवून चौथ्या ठिकाणी, बाजारातल्या एका मोठ्या खरेदीदाराकडे विकली. त्या महिन्यातला तेवढाच व्यवहार. वहिनींनी त्या दिवशी वन्संना बळेबळे बाहेर जेवायला नेलं.

आठवड्याच्या आत खरेदीदाराचा फोन आला. दोघांनी या म्हणाला.

त्याच्या ऑफिसात मशिनसाठी वेगळी अंधारी खोली होती. पडद्यावर पुडीतल्या खड्यांचं चित्र दिसत होतं. बहुतेक ठिपके एका रंगाचे, आणि मधे मधे काही वेगळ्याच रंगाचे. वेगळे होते ते सगळे लॅबचे, हे समजावून सांगायची गरज नव्हती. सावकाशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

खरेदीदार चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "वहिनी, तुमच्याकडून निघाली तेव्हा पुडी स्वच्छ होती?"

"हो."

"तुमच्या ऑफिसात लॅबचा माल असतो?"

वहिनींच्या डोळ्यांपुढे सोनार आला. ते खडे तर गेले होते, त्यांचा इथे काय संबंध? आणि आता हो म्हटलं तर हे दार कायमचं बंद, आणि ह्याच्या मागोमाग बाकीचीही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे तुमच्या टेबलापासून माझ्या टेबलापर्यंत काहीतरी झालंय," खरेदीदार म्हणाला, आणि त्याने सावकाशांकडे पाहिलं.

सावकाशांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते वहिनींकडे बघत होते. ते कशाची वाट बघत होते ते वहिनींना कळत होतं. भाऊजींना मी इतकी वर्षं ओळखते, हे त्यांच्या हातून होणार नाही, एवढंच वाक्य. दादा असते तर त्यांनी ते खुर्चीवरून उठून म्हटलं असतं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"पुडी दोन दिवस माझ्या खिशात होती," शेवटी सावकाश म्हणाले. "जबाबदारी माझी."

त्यांनी नुकसान भरून दिलं. खरेदीदाराने बोभाटा केला नाही, पण असल्या गोष्टींना पाय फुटतात. कुणी सावकाशांना तोंडावर चोर म्हटलं नाही. ते बाकावर येऊन बसले की शेजारच्याला फोन यायचा आणि तो उठून जायचा. ऑफिसांमध्ये त्यांना "सध्या माल नाही" म्हणून सांगितलं जायचं, आणि त्यांच्या मागून आलेल्या दलालाला तिथूनच पुडी मिळायची. ज्याने जन्मभर शब्दावर माल फिरवला त्याला हे कळायला वेळ लागत नाही.

एका दुपारी ते वहिनींच्या दाराशी आले. बेल वाजली. टेबलावरच्या छोट्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला, नेहमीसारखा रुमालाने चष्मा पुसताना. वन्संनी बटणाकडे हात नेला.

"नको," वहिनी म्हणाल्या. "मी नाही म्हणून सांगा."

"अगं, भाऊजी आहेत."

"माहीत आहे. सांगा तेवढं."

वन्संनी दाराच्या फोनवरून सांगितलं. पहिल्या दाराच्या आत उभ्या असलेल्या सावकाशांना दुसऱ्या दाराच्या काचेतून आतलं टेबल दिसत होतं, आणि टेबलाशी बसलेल्या वहिनींची पाठही. ते थोडा वेळ उभे राहिले. मग गेले. त्या दिवशी वन्सं वहिनींशी बोलल्या नाहीत.

वहिनींनी असं का केलं, ह्याचं उत्तर त्यांना पुढे पुष्कळदा शोधावं लागलं. भाऊजींच्या सोबत दिसलो तर आपल्याही मालाकडे लोक बोट दाखवतील, ही भीती होतीच. पण त्याहून जास्त, त्या खोलीतल्या आपल्या गप्प बसण्याबद्दल काय बोलायचं हे त्यांना सुचत नव्हतं. आज नको, उद्या भेटू असं त्या म्हणत राहिल्या, आणि सावकाश पुन्हा आले नाहीत.

काही महिन्यांनी सोनार आला. ब्रेसलेटमधला एक खडा पडला होता.

"तुम्हाला परत केले होते ना उरलेले," तो म्हणाला, "त्यातलाच एक द्या. जुळायला बरा."

"मला कुठे परत केलेत?"

"तुम्ही बँकेत गेला होतात. ताईंकडे दिले की."

वन्संनी चाळणीवरून मान वर केली. "ते होय? ते मी त्याच दिवशी आकार बघून पुडीत टाकले. हे उरलेले आणून देतात ते नेहमी तसेच तर टाकतो आपण."

"कुठल्या पुडीत?" वहिनींनी विचारलं.

विचारायची गरज नव्हती. वन्संनी सांगायच्या आधीच वहिनींना कळलं होतं. सोनाराला काहीतरी सांगून त्यांनी वाटेला लावलं, आणि मग वन्संना सगळं सांगितलं. लॅबचे खडे, लपवलेली गोष्ट, अंधाऱ्या खोलीतलं "नाही".

वन्संनी हातातली चाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी ते बाजूला ठेवले असते."

"हो."

"माझ्या हातून झालं ते."

"तुमची काहीच चूक नाही वन्सं. तुम्हाला काय माहीत?"

"ते झालंच. पण आता कळलंय ना? मग तू सांगणार, की मी सांगू?"

"मी सांगते," वहिनी म्हणाल्या. तरीही जायला त्यांना महिना लागला. रोज सकाळी ठरवायचं, आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी निघायचं. वन्सं रोज विचारत नसत, फक्त निघताना दारात थांबून एकदा बघत. एका सकाळी त्यांनी पर्स उचलली आणि "चल, मीच जाते" म्हणाल्या, तेव्हा वहिनी उठल्या.

बाकावर सावकाश नव्हते. बाकावर फारसं कुणीच नव्हतं. घरी गेल्या तर त्यांच्या बायकोने दार उघडलं. तिने आत या म्हटलं नाही, पण पत्ता दिला. सावकाश एका मॉलमध्ये नोकरीला लागले होते, दागिन्यांच्या दुकानात. सगळे लॅबचे हिरे.

दुकान म्हणजे तीन बाजूंनी काच आणि डोळे दिपतील एवढे पांढरे दिवे. सावकाशांच्या अंगात दुकानाचं गडद निळं जाकीट होतं, खांद्यांत जरा मोठं. ते एका जोडप्याला अंगठ्या दाखवत होते. मुलीने तीन ट्रे बघितले तरी तिचं ठरत नव्हतं, आणि सावकाश घाई न करता चौथा काढत होते. जोडपं अंगठी घेऊन गेल्यावर त्यांना वहिनी दिसल्या.

"या," ते म्हणाले. "काय दाखवू?"

ही थट्टा होती की सवय, ते वहिनींना कळलं नाही. "भाऊजी, मला तुमच्याशी बोलायचंय."

"इथेच बोला. काउंटर सोडता येत नाही."

मग काचेच्या अलीकडे उभं राहून वहिनींनी सांगितलं. घरून निघताना जुळवलेली वाक्यं कामाला आली नाहीत, गोष्ट पुढची मागे आणि मागची पुढे झाली. सावकाश ऐकता ऐकता ट्रेमधल्या अंगठ्या एकेक करून जागेवर बसवत होते. सोनाराच्या उरलेल्या खड्यांचं ऐकताना त्यांचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"म्हणजे वन्संच्या चाळणीतून गेले," ते म्हणाले. "मी किती विचार केला. तिन्ही ऑफिसांतल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला मी. बिचारे."

"मी खरेदीदाराकडे जाणार आहे. सगळ्यांना सांगणार आहे."

सावकाशांनी ट्रे आत सरकवला, कुलूप लावलं. मग म्हणाले, "एक विचारू? त्या खोलीत तुम्हाला माझा संशय आला होता का?"

हो म्हणणं सोपं होतं, हे वहिनींना त्या क्षणी कळलं. पण आता आणखी एक खोटं त्यांच्याने बोलवेना.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

सावकाश काचेवर हात ठेवून उभे राहिले.

"संशय आला असता तर मी समजू शकलो असतो," ते म्हणाले. "ह्या मालाने सगळ्यांच्याच डोक्यात संशय घातला. मी मनाची तशीच समजूत घातली होती. वहिनींना वाटलं असेल, त्यांचा तरी काय दोष. त्या समजुतीवर मी बरा होतो."

पलीकडून एक बाई कानातल्यांची चौकशी करायला आली. सावकाश तिच्याकडे वळले.

दुसऱ्याच दिवशी वहिनी खरेदीदाराकडे गेल्या. त्याच्या ऑफिसात आता अर्ध्याहून जास्त टेबलं लॅबच्या मालाची होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला ती पुडी आठवायलाच जरा वेळ लागला.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "पण वहिनी, आता कोण विचारतंय? माझ्याकडे येणारी प्रत्येक पुडी मशिनखालून जाते. आणणारा कोण, हे मी बघतही नाही."

"तुम्ही बाजारात सांगाल का?"

"कुणाला सांगू? खाली चारजण बसतात."

वहिनी खाली गेल्या. बाकावर खरोखरच चार म्हातारे दलाल होते. त्यांच्यापुढे उभं राहून वहिनींनी सांगितलं की पुडी त्यांच्याच ऑफिसात मिसळली, सावकाशांचा काही दोष नव्हता, आणि त्या खोटं बोलल्या होत्या. रस्त्यावर माल उतरवणारा एक टेम्पो उभा होता, त्याच्या आवाजात त्यांना शेवटचं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

"सावकाश तसा नव्हताच," एकजण म्हणाला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," दुसरा म्हणाला. त्याने तेव्हा तसं काही म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं. तिसऱ्याने सरकून वहिनींना बसायला जागा केली आणि बारीक मालाला आज काय भाव मिळतोय ते विचारलं.

ऑफिस तसंच चालू राहिलं, म्हणजे जेवढं चालत होतं तेवढं. माल विकला जायचा तो वर्षापूर्वीच्या निम्म्या भावाने. वहिनींनी आपली प्रत्येक पुडी भाड्याच्या मशिनखालून काढून आणायला सुरुवात केली, आणि उरलेले खडे घ्यायचं बंद केलं. गमतीची गोष्ट अशी की लॅबच्या मालाचेही भाव तोवर कोसळले होते, आणि त्याच्या जिवावर उभी राहिलेली दुकानंही एकेक करून बंद व्हायला लागली होती. वन्सं चाळत बसत, पण त्यांनी एक सवय लावून घेतली होती. कुठलाही खडा पुडीत टाकायच्या आधी त्या विचारत, "हा टाकू ना ग?" दर वेळी. वहिनी दर वेळी हो म्हणत.

एकदा सावकाशांच्या बायकोचा फोन आला. बाकावरच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"तुम्ही बाजारात बोललात ते ह्यांच्या कानावर घातलं," ती म्हणाली. "चांगलं केलंत म्हणाले."

"कसे आहेत भाऊजी?"

"दिवसभर उभं राहून पाय सुजतात. बाकी ठीक." मग ती म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. पण पुन्हा दुकानात जाऊ नका. तुम्ही येऊन गेलात त्यानंतर आठवडाभर ते धड जेवले नाहीत."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "नाही जाणार."

त्या गेल्या नाहीत. एकदाच, संध्याकाळी घरी जाताना, त्यांना रस्त्यापलीकडच्या बस थांब्यावर सावकाश दिसले. निळं जाकीट हातावर घेतलेलं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. वहिनी पाऊल पुढे टाकून थांबल्या. सावकाशांचंही लक्ष गेलं. ओळखीच्या कुणालाही करावा तसा त्यांनी हात केला, आणि बस कुठवर आली ते बघायला मान वळवली. वहिनींनी वर केलेला हात तसाच राहिला. त्यांनी तो खाली घेतला आणि त्या घराच्या दिशेने चालू लागल्या.